पू न होणारी मुलं आणि बॉम्बे रक्तगट

हैफा हे इस्रायलच्या उत्तरेचं बंदराचं शहर. तिथल्या रॅम्बॅम रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ आमोस एत्झिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२च्या डिसेंबरात दोन लहान मुलग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघं वेगवेगळ्या अरब मुस्लिम कुटुंबांतले, एकमेकांशी काही नातं नसलेले. दोघांचेही आईवडील मात्र आपापसात रक्ताच्या नात्यातले होते. मुलांची उंची खुंटलेली, बौद्धिक वाढ खूप मागे पडलेली, चेहऱ्याची ठेवण थोडी वेगळी. आणि जंतुसंसर्ग काही केल्या पाठ सोडत नव्हता. न्यूमोनिया बरा झाला की कान, कान बरा झाला की त्वचेखाली लालसर सूज, आणि दात आल्यापासून हिरड्यांचं दुखणं.

रक्ताचा अहवाल आणखी बुचकळ्यात टाकणारा होता. सुदृढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. या मुलांत संसर्ग नसतानाही त्या २५,०००च्या वर असत आणि संसर्ग झाला की आकडा लाखाच्या पलीकडे जाई. इतकी मोजणी दिसली की कुठल्याही प्रयोगशाळेत पहिली शंका रक्ताच्या कर्करोगाची येते. इथे ते नव्हतं. पेशी पूर्ण वाढलेल्या, दिसायला निर्दोष अशा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी होत्या. जंतू गिळण्याचं त्यांचं काम तपासलं तर तेही ठीक होतं.

रक्तात एवढा साठा असूनही सुजलेल्या जागी पू धरत नव्हता.

पू म्हणजे घाण, तो काढून टाकायचा, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण गळू पिकतं तेव्हा त्यात भरलेला असतो तो मुख्यतः रक्तातून बाहेर पडून मेलेल्या न्यूट्रोफिलचा चिखल. पू झाला याचा अर्थ पेशी तिथवर पोचल्या. जिथे लाली आहे, सूज आहे, ताप आहे आणि पू मात्र नाही, तिथे पेशी तयारच होत नसाव्यात किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीपलीकडे जात नसाव्यात. रक्तात लाखभर पेशी दिसत असल्यावर पहिली शक्यता बाद होते.

दुसरी शक्यता पडताळायची एक जुनी, साधी पद्धत आहे. त्वचेचा अगदी वरचा थर हलकेच खरवडायचा, त्यावर काच किंवा छोटी कुपी बसवायची आणि काही तासांनी तिथे किती पांढऱ्या पेशी आल्या ते पाहायचं. निरोगी माणसाच्या त्वचेवर त्यांची गर्दी होते. या आजाराच्या मुलांत जेमतेम काही पेशी येत. म्हणजे बिघाड होता तो रक्तवाहिनीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर. ही वाट किती पायऱ्यांची आहे आणि नेमकी कुठली पायरी निखळली आहे, हा खरा प्रश्न होता.

पहिला संशयित

असा एक आजार तोवर माहीत झालेला होता. १९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात काही बाळांचं वर्णन आलं होतं: नाळ उशिरा पडलेली, अंगभर संसर्ग, आणि न्यूट्रोफिलची हालचाल सदोष. एरवी नाळेचा तुकडा आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडतो, आणि तो गळायलाही न्यूट्रोफिल लागतात. या बाळांत तो तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ तसाच राहतो. (नाळ कितव्या दिवशी पडली हे आपल्याकडे आईपेक्षा आजीला नेमकं आठवतं. वारंवार आजारी पडणाऱ्या तान्ह्या बाळाची माहिती घेताना हा प्रश्न आजीला विचारावा.) १९८०च्या दशकात कारण सापडलं. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांतल्या एका कुटुंबाचा समाईक घटक, सीडी-१८, या बाळांत नसतो किंवा फार कमी असतो. आजाराला नाव मिळालं ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी, म्हणजे पांढऱ्या पेशींना चिकटता न येण्याचा आजार. डॉक्टरांच्या बोलण्यात तो 'लॅड' झाला.

हैफाच्या मुलांची लक्षणं लॅडशी जुळत होती. पण त्यांच्या पेशींवर सीडी-१८ व्यवस्थित होतं, आणि नाळही वेळेवर पडलेली होती. संसर्ग वारंवार होत असले, तरी लॅडच्या बाळांसारखे जिवावर बेतणारे नव्हते. चित्र लॅडचं असूनही ओळखीचा दोष सापडत नव्हता.

उत्तराकडे नेणारा धागा मिळाला तो रक्तगटाच्या तपासणीतून. दोन्ही मुलांचा गट बॉम्बे निघाला.

परळहून आलेला धागा

इथे चाळीस वर्षं मागे जायला हवं. १९५२ साली मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे असं रक्त आलं की ते ए, बी, एबी, ओ यांपैकी कशातच बसेना. लाल पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणून वरवर पाहता ओ गट. पण त्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी टाकल्या तरी त्यांच्या गुठळ्या होत. ओ गटाच्या पेशींवर एच नावाचा अँटिजेन, म्हणजे गट ओळखण्याची खूण, भरपूर असतो. या माणसांच्या पेशींवर तोही नव्हता आणि रक्तद्रवात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं होती. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच चालतं. 'लॅन्सेट'मधल्या त्या लेखावर भेंड्यांबरोबर सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांची नावं आहेत. तशीच इंग्लंडमधल्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही आहेत.

यांतल्या शेवटच्या दोन नावांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, आणि या प्रकरणात महत्त्वाची तीच आहेत. वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले रसायनशास्त्रज्ञ. रक्तगट म्हणजे रासायनिकदृष्ट्या नेमकं काय, याचा शोध ते घेत होते. ईल माशाच्या रक्तद्रवात एचविरुद्धचा घटक असतो आणि तो ओ गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो. त्या रक्तद्रवात एल-फ्यूकोज ही एक साधी साखर मिसळली की तो निष्प्रभ होतो, हे त्या दोघांनी त्याच वर्षी, १९५२ मध्ये दाखवलं. एच अँटिजेनची ओळख ज्या साखरेत आहे ती फ्यूकोज, हा त्याचा अर्थ.

बॉम्बे गटाच्या माणसांत ही फ्यूकोज लाल पेशींवरच्या साखळीच्या टोकाला बसवणारं एंझाइम काम करत नाही. ए आणि बी हे दोन्ही एचच्या पायावर उभे राहतात, म्हणून एच नसेल तर तेही नाहीत. पण ही माणसं एरवी ठणठणीत असतात. त्यांना कसलाही त्रास नसतो, अनेकांना आपला गट बॉम्बे असल्याचा पत्ता रक्तदानाच्या शिबिरात किंवा ऑपरेशनच्या आधी लागतो. मुंबईच्या परिसरात असं माणूस दहा हजारांत एखादं सापडतं, युरोपात दहा लाखांत एखादं.

मग हैफाच्या मुलांमध्ये बॉम्बे गट आणि पू न होणं ही जोडी कशी जमली? नात्यातल्या लग्नांत दोन वेगवेगळे दुर्मीळ दोष योगायोगाने एकाच मुलात उतरू शकतात. एकाच कुटुंबात हे दिसलं असतं तर तेवढं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घरांत नेमकी तीच जोडी, त्याच बौद्धिक मागासपणासह आणि त्याच खुंटलेल्या उंचीसह दिसली, तेव्हा मुळाशी एकच कारण असणार हे उघड होतं. आणि ते कारण एच बसवणाऱ्या एंझाइमच्या बरंच अलीकडे, फ्यूकोजच्या सगळ्या कारभारातच असणार होतं.

पांढऱ्या पेशीला साखर कशाला लागते

योगायोग असा की १९९०च्या सुमाराला काही प्रयोगशाळा वेगळ्याच दिशेने याच साखरेपाशी पोचल्या होत्या. दाह सुरू झाला की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात, हे कळलं होतं. त्यांतलं पी-सिलेक्टिन अस्तराच्या पेशींत आधीपासून छोट्या पुड्यांत भरून ठेवलेलं असतं. हिस्टामिनसारखा इशारा मिळाला की काही मिनिटांत ते पृष्ठभागावर येतं. ई-सिलेक्टिन नव्याने तयार करावं लागतं. जखमेजवळच्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींनी सोडलेले टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ हे निरोप्या रेणू अस्तरावर पोचले, की काही तासांनी ते दिसायला लागतं. ही सिलेक्टिन पांढऱ्या पेशीवरची कुठली गोष्ट धरतात? उत्तर होतं सियालिल लुईस-एक्स, चार साखरांची एक छोटी रचना: सियालिक आम्ल, गॅलॅक्टोज, एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसअमीन आणि फ्यूकोज. मिशिगनमध्ये जॉन लोव यांच्या गटाने फ्यूकोज बसवणाऱ्या एका एंझाइमचं जनुक एरवी न चिकटणाऱ्या पेशींत घातलं, आणि त्या पेशी ई-सिलेक्टिनला चिकटायला लागल्या.

हे समोर ठेवल्यावर एत्झिओनींच्या गटाला काय तपासायचं ते सरळ दिसत होतं. दोन्ही मुलांच्या न्यूट्रोफिलवर सियालिल लुईस-एक्स नव्हतं. प्रयोगशाळेत बनवलेल्या ई-सिलेक्टिनला त्या पेशी चिकटत नव्हत्या, आणि इंटरल्यूकिनने चेतवलेल्या रक्तवाहिनीच्या अस्तरालाही नाही. या आजाराला लॅड-२ म्हटलं गेलं. सीडी-१८चा जुना आजार आपोआप लॅड-१ झाला.

चिकटणं हा शब्द मात्र इथे ढोबळ आहे. लॅड-१ मध्येही पेशी चिकटत नाही आणि लॅड-२ मध्येही. तरी दोन्हीत जे बिघडतं ते एक नाही, आणि मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पांढरी पेशी रक्तातून ऊतीत शिरते ती प्रामुख्याने केशवाहिन्यांच्या लगेच पुढच्या बारीक शिरांमधून. तिथेही रक्त वाहतं असतं. मोकळी वाहणारी पेशी अस्तराच्या बाजूने इतक्या झपाट्याने जाते की तिला एकदम थांबवायचं तर धक्का सोसणारा मजबूत बंध क्षणात तयार व्हावा लागेल. इंटेग्रिनचे बंध मजबूत असतात, पण ते असे क्षणात तयार होत नाहीत. एरवी इंटेग्रिन वाकून मिटलेलं असतं, त्याला आधी उघडावं लागतं. सिलेक्टिनचं नेमकं उलट. त्याचा बंध पटकन जुळतो आणि पटकन सुटतो. रानातून चालताना धोतराला कुसळं लागतात, एक सुटतं तोवर पुढचं अडकतं, तशी पेशी अस्तरावर अडकत-सुटत राहते. रक्ताचा प्रवाह तिला पुढे ढकलतो, मागचा बंध तुटतो, पुढचा जुळतो, आणि ती घरंगळत जाते. तिचा वेग मोकळ्या वाहणाऱ्या पेशीच्या मानाने कितीतरी पटींनी कमी होतो. यातही एक गंमत आहे. हे बंध हलक्या ओढीने सुटतात, पण ओढ थोडी वाढली की काही काळ अधिकच घट्ट धरतात. त्यामुळे रक्त अगदी थांबलेलं असेल तर घरंगळणं जमत नाही, त्यासाठी थोडा प्रवाह लागतोच.

घरंगळताना पेशीला अस्तरावरच्या खुणा वाचायला सवड मिळते. अस्तराच्या पृष्ठभागावर हेपॅरन सल्फेटच्या साखळ्या असतात आणि त्यांवर इंटरल्यूकिन-८सारखी केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारे रेणू, अडकलेली असतात. ती पेशीच्या संवेदकाला लागली की आत निरोप जातो. टॅलिन आणि किंडलिन-३ ही प्रथिनं इंटेग्रिनच्या आतल्या शेपटीला धरतात आणि इंटेग्रिन उघडून ताठ उभं राहतं. मग ते अस्तरावरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला पकडतं, आणि पेशी थांबते. (किंडलिन-३ नसेल तर तिसरा आजार होतो, लॅड-३. त्यात इंटेग्रिन असतं पण उघडत नाही. रक्तबिंबिकांतही तेच इंटेग्रिनचं काम अडतं, म्हणून रक्तस्राव होतो.)

थांबलेली पेशी चपटी होऊन अस्तरावर सरपटत सांध्याची जागा शोधते. बहुतेक वेळा ती अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून जाते. तिथलं व्हीई-कॅडहेरिन सैल पडतं, पेकॅम-१ आणि सीडी-९९ हात देतात, आणि पेशी स्वतःला पिळून पलीकडे काढते. त्यामागचा पातळ आधारपडदा ओलांडला की ती ऊतीत उतरते. हा शेवटचा भाग १८४६ साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेत पाहिला होता, १८६७ साली यूलियस कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्यालगतच्या पडद्यात सविस्तर पाहिला. घरंगळणाऱ्या पेशीही एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांना दिसल्या होत्या. पण ते घरंगळणं कामाचं आहे की नुसता योगायोगाचा देखावा, हे दिसण्यावरून ठरत नव्हतं.

१९९१ साली मायकेल लॉरेन्स आणि टिमोथी स्प्रिंगर यांनी सिलेक्टिन आणि आयकॅम-१ कृत्रिम पडद्यांवर बसवून त्यावरून न्यूट्रोफिल वाहवले. प्रवाह चालू असताना पेशी नुसत्या आयकॅमवर थांबत नव्हत्या, सिलेक्टिनवर मात्र घरंगळत. दोन्ही असतील आणि चेतना मिळाली, तरच घरंगळून थांबत. पायऱ्यांचा क्रम प्रयोगशाळेत उभा राहिला होता. माणसाच्या शरीरातही पहिली पायरी खरोखर लागतेच का, याचा पुरावा अजून हवा होता. माणसातून सिलेक्टिनचा खुंटा काढून घेण्याचा प्रयोग कोण करणार? निसर्गाने तो हैफात करून ठेवला होता.

सशाच्या शिरेत दोन मुलं

१९९३ साली उलरिख फॉन अँड्रियन, एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्णांचे न्यूट्रोफिल घेतले, एक लॅड-१चा आणि एक लॅड-२चा. सशाच्या आतड्यालगतच्या पडद्यातल्या, दाह निर्माण केलेल्या बारीक शिरांमध्ये ते सोडले आणि जिवंत शिरेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात जास्तीची यंत्रणा काही नाही, दोन आजारांनीच एकमेकांचा खुलासा केला आहे.

लॅड-१च्या पेशी निरोगी पेशींसारख्याच घरंगळल्या. पण थांबायचा इशारा दिल्यावरही त्या थांबल्या नाहीत, आणि अर्थातच बाहेर पडल्या नाहीत. लॅड-२च्या पेशी मुळात फारशा घरंगळल्याच नाहीत, बहुतेक तशाच वाहून गेल्या. यापुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळलेली असते. प्रवाहच थांबवला, तेव्हा लॅड-२च्या पेशी चिकटल्या आणि बाहेरही पडू शकल्या. लॅड-१च्या पेशींना तेही जमलं नाही. रक्त वाहत नसेल तर घरंगळायची गरज उरत नाही. पेशी अस्तराला टेकलेली असते, इंटेग्रिनला उघडायला पुरेसा वेळ मिळतो.

यावरून खाटेवरची एक गोष्टही उलगडली. लॅड-२च्या मुलांचे संसर्ग लॅड-१इतके घातक का नसतात? तीव्र दाह झालेल्या ऊतीत रक्तप्रवाह मंदावतो, कुठे कुठे ठप्पही होतो. तिथे सिलेक्टिनशिवायही थोड्या पेशी पलीकडे जात असणार. लॅड-१ मध्ये ती पळवाटही बंद, म्हणून तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावं लागतं. पाठ्यपुस्तकातलं पायऱ्यांचं चित्र एका सरळ जिन्यासारखं काढलेलं असतं आणि त्यामुळे सगळ्या पायऱ्या सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. तसं नाही. पहिली पायरी वाहत्या रक्तापुरती सक्तीची आहे, नंतरची या शिरांत प्रवाह थांबला तरी लागतेच.

आता त्या लाखभर पेशींकडे वळू. पेशी बाहेर पडू शकत नाहीत म्हणून रक्तात साचतात, हे सोपं उत्तर आहे, पण अपुरं. लॅड-२च्या एका रुग्णात न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य मोजलं तर ते वाढलेलं नव्हतं, उलट कमी झालेलं होतं. मग साठा आला कुठून? अस्थिमज्जा भरमसाट पेशी बनवत होती. तिला असं बनवायला लावणाऱ्या साखळीचा एक भाग पुढे उंदरांत उलगडला. एरवी ऊतीत पोचलेले न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि गिळल्यावर इंटरल्यूकिन-२३ बनवणं कमी करतात. पेशी पोचल्याच नाहीत तर हा लगाम लागत नाही. इंटरल्यूकिन-२३ वाढतं, त्यामागून इंटरल्यूकिन-१७, त्यामागून मज्जेला चालना देणारं जी-सीएसएफ. ऊतीला पेशी हव्यात म्हणून मज्जा ढकलत राहते, आणि ढकललेल्या पेशी दाराशीच अडतात.

हिरड्यांची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे. लॅडच्या मुलांचे दात लहानपणीच सैल होतात, भोवतालचं हाड झिजतं. न्यूट्रोफिल नाहीत म्हणून जंतूंनी हाड खाल्लं, असंच वर्षानुवर्षं मानलं गेलं. प्रतिजैविकांनी मात्र म्हणावा तसा फरक पडत नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निकी माउत्सोपुलोस यांच्या गटाने लॅड-१च्या रुग्णांत दाखवलं की नुकसानीला जबाबदार आहे तो मुख्यतः बेलगाम इंटरल्यूकिन-२३ आणि १७चा मारा. २०१७ साली त्यांनी एका रुग्णाला या दोन्हींना आवर घालणारं उस्टेकिनुमॅब दिलं, आणि त्याच्या हिरड्यांचा दाह ओसरला. हे औषध आधीपासून सोरायसिससाठी वापरात होतं. पेशींची अनुपस्थिती स्वतःच दाह वाढवते, हे मला या सगळ्या साखळीतलं सर्वांत अनपेक्षित वळण वाटतं.

फ्यूकोज अडते कुठे

पेशी स्वतः फ्यूकोज बनवते, बहुतांशी मॅनोजपासून. तिला जीडीपी नावाचा दांडा जोडून वापरायोग्य रूप तयार होतं, जीडीपी-फ्यूकोज. ते पेशीद्रवात तयार होतं, पण फ्यूकोज बसवण्याचं काम चालतं ते गॉल्जी नावाच्या कप्प्यात. आरंभी संशय बनवणाऱ्या एंझाइमवर होता. २००१ साली दोन युरोपीय गटांनी, स्वतंत्रपणे पण एकाच वेळी, खरं कारण दाखवलं: जीडीपी-फ्यूकोजला गॉल्जीच्या आत नेणारा वाहक सदोष होता. त्याचं जनुक एसएलसी३५सी१. साखर बनते, पण दारातच अडकते. म्हणून लाल पेशीवर एच नाही, न्यूट्रोफिलवर सियालिल लुईस-एक्स नाही, आणि शरीरभरच्या इतर शेकडो प्रथिनांवरही फ्यूकोज नाही. मुंबईतल्या बॉम्बे गटाच्या माणसात एच बसवणारा एकटा कारागीर गैरहजर असतो, पांढऱ्या पेशीवर फ्यूकोज बसवणारे वेगळे एंझाइम जागेवर असतात. रक्तपेढीच्या अहवालात दोघांचा शेरा एकच येतो, आतली परिस्थिती मात्र पूर्ण वेगळी.

उपचाराची कल्पना याआधीच, १९९९ साली, जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये थॉर्स्टन मारक्वार्ट यांच्या गटाने वापरून पाहिली होती. तुर्की कुटुंबातला एक मुलगा, आजार लॅड-२. फ्यूकोज आतल्या दारात अडत असेल तर बाहेर तिचा इतका साठा करावा की थोडी तरी आत ढकलली जाईल, असा विचार. औषध म्हणजे नुसती साखर, तोंडावाटे, दिवसातून अनेकदा, मात्रा हळूहळू वाढवत. वाढवताना धास्ती होती. फ्यूकोज मिळाल्यावर लाल पेशींवर एच उगवला आणि मुलाच्या रक्तातल्या प्रतिद्रव्यांनी स्वतःच्याच पेशी फोडल्या तर? तसं झालं नाही. लाल पेशींवर एच आला नाही, न्यूट्रोफिलवर सिलेक्टिनला धरणाऱ्या रचना मात्र परतल्या. रक्तातली गर्दी ओसरून मोजणी सामान्य झाली, वारंवारचे संसर्ग आणि ताप थांबले.

हाच उपाय इस्रायलमधल्या अरब मुलांवर करून पाहिला तर काहीच फरक पडला नाही. जनुक सापडल्यावर त्याचं कारण उमगलं. तुर्की मुलाच्या वाहकात १४७व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आहे. त्यामुळे वाहकाची पकड ढिली झाली आहे, पण तो काम करतो, आणि साठा वाढवला की थोडा माल आत जातो. अरब मुलांत ३०८व्या जागी थ्रिओनिनऐवजी आर्जिनिन आहे, आणि तो वाहक कितीही साखर दिली तरी दाद देत नाही. एकच आजार, एकच जनुक, आणि एका अक्षराच्या जागेवरून ठरतं की साधी साखर औषध होईल की नाही.

मेंदूवरचा परिणाम मात्र साखरेने पुसला जात नाही. मेंदू घडत असताना पेशींना एकमेकांशी बोलण्यासाठी नॉचसारखी प्रथिनं लागतात आणि त्यांवरही फ्यूकोज बसावी लागते. गर्भावस्थेतल्या त्या घडणीची वेळ मुलाच्या हाती औषध येईपर्यंत निघून गेलेली असते. तुर्की मुलाच्या वाढीत थोडी सुधारणा दिसली, पण संसर्गासारखा निकाल तिथे लागला नाही.

आपल्याकडे बॉम्बे गट इतर ठिकाणांपेक्षा जास्त सापडतो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. निरोगी माणसाचा गट बॉम्बे निघाला तर पांढऱ्या पेशींची चिंता करण्याचं काही कारण नाही. त्याने आपलं नाव बॉम्बे गटाच्या दात्यांच्या यादीत नोंदवावं, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर रक्ताची सोय आधीच करून ठेवावी. पण वारंवार आजारी पडणारं, वाढ खुंटलेलं मूल असेल, पांढऱ्या पेशी सतत वर असतील, जखमेत पू धरत नसेल आणि त्यात गट बॉम्बे निघाला, तर तो अहवाल रक्तपेढीच्या फायलीत पडून राहू नये. फ्लो सायटोमेट्री या पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीने न्यूट्रोफिलवरचं सीडी-१५एस, म्हणजे तेच सियालिल लुईस-एक्स, तपासता येतं आणि त्याच नमुन्यावर सीडी-१८ही पाहता येतं. सीडी-१५एस नाही आणि सीडी-१८ आहे असं दिसलं, तर पुढची तपासणी एसएलसी३५सी१ या जनुकाची. आणि अशा मुलाला रक्त चढवायची वेळ आली तर तेही बॉम्बे गटाचंच शोधावं लागतं.